चोर सापडले, पण दागिने तुमचेच कशावरून?

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: 2024च्या दिवाळीत ते गावी गेलेले असताना फ्लॅट फोडला गेला. गुन्हा दाखल झाला, श्वानपथक येऊन गेलं, ठसेही घेतले. आठ महिन्यांनी पोलिसांनी कोर्टात ‘अ’ समरी, म्हणजे तपास थांबवल्याचा अंतिम अहवाल, पाठवली. कोर्टाची नोटीस आली तेव्हा त्यांनी ‘हरकत नाही’ असं लिहून दिलं, कारण विम्याच्या दाव्यासाठी तो कागद हवा होता. आता शेजारच्या जिल्ह्यात एक टोळी पकडली गेली आणि तिने त्यांच्या शहरातल्या घरफोड्यांची कबुली दिल्याची बातमी छापून आली. स्थानिक पोलीस म्हणतात, फाइल बंद झाली. ती पुन्हा उघडता येईल का, आणि ढिसाळ तपासाबद्दल पोलिसांवर दावा लावता येईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, आरोपी मिळाला नाही. नवा धागा हाती आला की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193(9)खाली पुढचा तपास करता येतो. अंतिम अहवाल कोर्टाने स्वीकारला तरी पुढचा तपास अडत नाही आणि तो स्वीकाराचा आदेश आधी रद्द करून घ्यावा लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली हेमेंद्र रेड्डी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तुमच्या ‘हरकत नाही’नेही मोठं नुकसान झालेलं नाही. न वाचता सही करायला नको होती, एवढंच म्हणेन.

नुकसान झालंय ते दुसरीकडे. तुम्ही पाठवलेल्या फिर्यादीच्या प्रतीत चोरीला गेलेल्या मालाबद्दल एकच ओळ आहे: ‘सोन्याचे दागिने अंदाजे साडेचौदा तोळे व रोख रक्कम’. बस्स. मंगळसूत्र किती पदरी, पाटल्या की बांगड्या, ठुशी होती का, वजन वेगवेगळं किती, कुठल्या सराफाकडून कधी घेतलं, यातलं काहीही नाही. फिर्याद लिहिताना हवालदार घाईत असतो हे मला ठाऊक आहे. पण खाली सही तुमची आहे, आणि त्यानंतरच्या आठ महिन्यांत पुरवणी जबाब द्यायला कोणी अडवलं नव्हतं.

या ओळीवर सगळं का अडतं ते सांगतो. वर्तमानपत्रातली ‘कबुली’ कोर्टात चालत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23मध्ये त्याला एकच वाट ठेवली आहे: आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू मिळाली, तर त्या वस्तूशी थेट निगडित असलेला माहितीचा भाग पुराव्यात येतो. म्हणजे निवेदन पंचनामा (आरोपीने सांगितलेलं पंचांसमोर लिहून घेणं) करून आरोपीने सराफाचं दुकान दाखवलं आणि तिथून ठुशी जप्त झाली, इतपत ठीक. पण ती ठुशी तुमच्याच घरातली, हे कोण सांगणार? तुम्हीच. आणि बचावाचा वकील पहिला प्रश्न विचारेल: ‘फिर्यादीत ठुशी हा शब्द कुठे आहे?’ मीही त्याच्या जागी असतो तर हेच विचारलं असतं. त्यातच चोरीनंतर लगेच माल ताब्यात सापडला तर कोर्ट त्याच अधिनियमाच्या कलम 119खाली आरोपीविरुद्ध अनुमान काढू शकतं, पण जितके महिने जातात तितकं ते अनुमान पातळ होतं.

म्हणून आत्ता करायची गोष्ट एकच, आणि ती याच क्रमाने. स्थानिक गुन्हे शाखेकडून ‘माल ओळखायला या’ असा फोन येऊ शकतो. जायच्या आधी तुमच्या पोलीस ठाण्यात लेखी पुरवणी जबाब द्या आणि पोच घ्या. प्रत्येक दागिना वेगळा लिहा: प्रकार, अंदाजे वजन, घडणीतली खूण, दुरुस्ती केली असेल तर कुठे. बिलं जोडा. ती नसतील तर लग्नातले, बारशातले असे फोटो जोडा ज्यात दागिना स्पष्ट दिसतो. 1 जुलै 2021 नंतर घेतलेला हॉलमार्कचा दागिना असेल तर त्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असू शकतो. तो बिलावर सापडला तर याहून चांगला पुरावा नाही. आधी माल बघून मग वर्णन लिहून दिलंत, तर ‘पोलिसांनी दाखवलं आणि यांनी लिहिलं’ या एका वाक्यात सगळं संपेल. अनेक जण हीच चूक करतात आणि वर पोलिसांनाच दोष देतात.

तोच जबाब अर्जासोबत शेजारच्या जिल्ह्यातल्या तपास अधिकाऱ्यालाही स्पीड पोस्टाने पाठवा आणि आरोपींना तुमच्या गुन्ह्यात वर्ग करून घेण्याची मागणी तुमच्या ठाण्याकडे करा. ठाण्याने हलायला नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे अर्ज, आणि मग समरी गेली होती त्याच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पुढच्या तपासाच्या आदेशासाठी अर्ज. उच्च न्यायालयात रिट याचिका करायची घाई नको. साकिरी वसू प्रकरणात 2008 सालीच सांगितलंय की आधी दंडाधिकाऱ्यांचं दार ठोठावा.

एका मुदतीवर मात्र डोळा ठेवा. जप्त मालाचा मालक कळत नसेल तर दंडाधिकारी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503खाली जाहीरनामा काढू शकतात. त्यानंतर सहा महिन्यांत कोणी हक्क सिद्ध केला नाही तर माल शासनाकडे जाऊ शकतो. शेजारच्या जिल्ह्यातल्या कोर्टात असा जाहीरनामा निघालाय का, हे वकिलामार्फत या आठवड्यातच बघा. माल तुमचा ठरला तर खटला संपेपर्यंत मुद्देमाल खोलीत पडू द्यायची गरज नाही. सुंदरभाई देसाई प्रकरणापासून (2002) फोटो, पंचनामा आणि बंधपत्र घेऊन तो परत देता येतो. विमा कंपनीने पैसे दिले असतील तर मात्र सापडलेल्या मालावर तिचाही हक्क येऊ शकतो. पॉलिसी न बघता मी यावर ठाम काही बोलणार नाही.

आता पोलिसांवरच्या दाव्याबद्दल. चोर सापडला नाही म्हणून भरपाई मिळेल, अशी आशा ठेवू नका. तपासाची प्रगती फिर्यादीला 90 दिवसांत कळवणं पोलिसांना त्याच संहितेच्या कलम 193(3)नुसार बंधनकारक आहे. तुम्हाला कळवलं नसेल तर तक्रारीत ते जरूर घाला. शिक्षा सात वर्षं वा जास्त असलेल्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यायचं, असं कलम 176(3) म्हणतं. पण ते लागू करायला राज्यांना पाच वर्षांची सवड दिलेली असल्याने त्यावर फार भार टाकणार नाही.

घरफोड्या उघडकीस न येण्याचं कारण एकटा आळस नाही. 2006 साली प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळ्या करा, असं सांगितलं. आजही तुमच्या गुन्ह्याचा तपासी अंमलदार गणपतीच्या बंदोबस्तात उभा असतो, मंत्र्यांच्या दौऱ्याला असतो, समन्स बजावत फिरतो, आणि उरलेल्या वेळात तुमची फाइल उघडतो. पण तुम्हीही पोलीस येण्याआधी ‘काय काय गेलं ते बघायला’ कपाट पूर्ण आवरलं होतं, असं पत्रातच लिहिलंय. त्यामुळे उचललेल्या ठशांत घरच्यांचेच जास्त असतील. तरी त्यातला एखादा अनोळखी ठसा या टोळीशी ‘नाफिस’ या राष्ट्रीय प्रणालीत पडताळून बघा, अशी मागणी पुरवणी जबाबातच करा. तो जुळला तर दागिन्यांच्या ओळखीवाचूनही केस उभी राहू शकते. शेजारच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीबद्दल विचारलंय. तिथलं रेकॉर्डिंग काही आठवड्यांतच पुसलं जातं, ते विसरा.

शेवटचं. दागिने वितळवून लगड झाली असेल तर वरचं वर्णन फारसं उपयोगी पडणार नाही. आरोपींवर अनेक घरफोड्यांचे गुन्हे असतील तर त्याच लगडीवर तुमच्यासारखे बरेच फिर्यादी हक्क सांगतील आणि कोणाला किती द्यायचं हे कोर्ट ठरवेल. सराफाचा जबाब, त्याच्या वहीतली तारीख आणि वजन यावर ते अवलंबून राहील. म्हणून जप्ती पंचनाम्याची प्रत मिळाल्याशिवाय मला परत लिहू नका.