वाचकांचे प्रश्न : वहीत पाच गोष्टी लिहायला वेळ कुठून आणू?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं, की रोजच्या धावपळीत देवाची कृपा आठवणं आणि त्याचे आभार मानणं तुमच्या घरात कसं जमतं, किंवा का जमत नाही. खूप पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर तर त्याहून जास्त, आणि बहुतेक बायकांची. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही म्हणून पाच प्रश्न घेतलेत, नावं अर्थातच छापत नाही.

जय ख्रिस्त ताई. मी हडपसरला राहते, एका कंपनीत अकाउंट्सला आहे. पाचला उठायचं, डबे, सासूबाईंचं पथ्याचं वेगळं, मुलीची स्कूलबस, मग माझी बस, संध्याकाळी आलं की परत अभ्यास, स्वयंपाक, मशीन लावायचं. आमच्या भगिनी मंडळात सांगितलं की रोज रात्री देवाच्या उपकाराच्या पाच गोष्टी वहीत लिहा. मी छान वही आणली, थोडे दिवस लिहिलं, आता ती उशाशी तशीच पडलीय आणि तिच्याकडे बघितलं की वाटतं मी किती कृतघ्न आहे. पाळक साहेबांनी "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" यावर संदेश दिला तेव्हा मला रडू आवरेना. माझा विश्वास कमी पडतोय का?

ताई, आधी ती वही कपाटात ठेवा. खरंच सांगतेय, आज रात्रीच. वही वाईट नाहीये, कुणाकुणाला तिचा खूप उपयोग होतो, पण जी गोष्ट देवाची कृपा आठवायला आणली तीच रोज रात्री तुम्हाला नापास करत असेल तर तिचं तुमच्याकडे आत्ता काही काम नाही.

तुमचा विश्वास कमी नाही, तुम्ही थकलाय. आणि थकलेल्या माणसाशी देव कसा वागतो हे शास्त्रात लिहून ठेवलंय, पहिले राजे अध्याय 19 काढून वाचा. एलीया संदेष्टा, एवढा मोठा माणूस, रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो की पुरे आता, मला मरण दे, आणि तिथेच झोपून जातो. देवाने त्याला संदेश दिला नाही, तू कृतज्ञ का नाहीस असं विचारलंही नाही. देवदूत आला, त्याला हलवून उठवलं, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलेलं होतं, तो खाऊन परत झोपला, आणि देवदूताने परत झोपू दिलं! दुसऱ्यांदा उठवलं तेव्हाही खायलाच सांगितलं, कारण पुढची मजल लांबची आहे म्हणून. देवाशी त्याचं जे बोलणं झालं ते त्यानंतर, होरेब डोंगरावर. मला हा अध्याय प्रत्येक थकलेल्या आईला वाचून दाखवावासा वाटतो, की आधी झोप आणि भाकर, मग बाकीचं.

आता ते वचन. पहिले थेस्सलनी 5:18, आपल्या सगळ्यांना पाठ असतं, पण एकटंच पाठ असतं, त्याच्या आधीचं कुणी वाचत नाही. चारच वचनं वर प्रेषित पौल थेस्सलनीकातल्या त्याच मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांना, सांगतो की धीर खचलेल्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, सगळ्यांशी सहनशीलतेने वागा. आणि ज्यांना हे पत्र लिहिलं ती मंडळी काही सुखात बसलेली नव्हती, विरोध एवढा होता की भावांनी पौलाला रातोरात गावाबाहेर पाठवलं होतं, ते प्रेषितांच्या कृत्यांत 17व्या अध्यायात आहे. म्हणजे उपकारस्तुतीची आज्ञा तुम्हा एकटीला रात्री अकरा वाजता वही घेऊन बसायला दिलेली नाहीये, ती सगळ्या मंडळीला मिळून दिलीय, आणि त्या मंडळीत कोण थकलंय ते बघून त्याला आधार द्यायचं कामही सोबतच दिलंय. ज्या दिवशी तुमच्या तोंडून शब्द निघत नाही त्या दिवशी शेजारच्या बाकावरची बाई तुमच्यासाठी आभार मानेल, पुढे कधी तुम्ही तिच्यासाठी माना. याचसाठी मंडळी असते.

एवढं सांगूनही तुम्ही विचाराल की मग मी करू काय. तर वेगळा वेळ काढू नका, जो वेळ आहे त्यातच बघा. कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली की मोबाईल काढायच्या आधी कालच्या दिवसातली एक गोष्ट आठवायची, पाच नाही, एकच, आणि ती खरी पाहिजे. "प्रभू, काल मुलीचा ताप उतरला" एवढंच. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाईट मठात लॉरेन्स नावाचे एक ब्रदर होते, त्यांचं काम स्वयंपाकघरात, भांड्यांच्या आवाजात आणि लोकांच्या हाका चालू असताना ते देवाशी बोलत राहायचे, आणि म्हणायचे की प्रार्थनेला गुडघे टेकल्यावर जी शांती तीच मला इथे मिळते. वेगळी खोली त्यांच्याकडेही नव्हती.

आणि अजून एक, हे मी जरा ठासून सांगते. तुमच्या पत्रात नवऱ्याचं नाव कुठल्याच कामापुढे आलं नाही. दोन डब्यांतला एक त्यांनी भरावा, मशीन त्यांनी लावावं. हे मागणं म्हणजे कुरकूर नव्हे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करत बसायचा तेव्हा त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, त्याला स्पष्ट सांगितलं की हे काम तुला एकट्याला झेपायचं नाही, तू थकून जाशील, माणसं नेम आणि वाटून दे. निर्गम 18. मोशेने ऐकलं. सासरच्या माणसाचा इतका चांगला सल्ला शास्त्रात आहे, तो घरात सगळ्यांनी मिळून वाचा, सासूबाईंसकट.

नमस्कार ताई, जालन्याहून लिहितोय. आमच्या घरी जेवणाआधी प्रार्थना मीच करतो, वडिलांपासूनची पद्धत आहे. परवा मुलांसमोर बायको म्हणाली की तुम्ही अन्नासाठी देवाचे आभार मानता, पण ज्या हातांनी केलं त्यांच्याकडे बघतही नाही. मला लागलं ते. आमच्याकडे नवरा-बायकोत थँक्यू वगैरे म्हणायची सवय नाही, कृत्रिम वाटतं. तिचं म्हणणं बरोबर आहे का?

भाऊ, बरोबर आहे. आणि तुम्हाला लागलं हे चांगलंच झालं, त्यामुळे तर लिहिलंत.

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपण नुसती नावांची यादी म्हणून सोडून देतो. पण बघा पौल काय करतोय तिथे. तारणाबद्दल, कृपेबद्दल एवढं खोल लिहून झाल्यावर शेवटी तो एकेकाचं नाव घेतो आणि त्यांनी काय केलं ते सांगतो. फिबीने पुष्कळांना आणि मलाही मदत केली. प्रिस्का आणि अक्विला यांनी माझ्या जिवासाठी आपली मान दिली. मरीयेने तुमच्यासाठी फार श्रम केले. रूफाच्या आईला तर तो माझीही आई म्हणतो. देवाचे आभार मानले म्हणून माणसांचे मानायची गरज नाही असं त्याला कधी वाटलंच नाही.

थँक्यू नका म्हणू, त्याची काही सक्ती नाहीये, आपल्या घरांत ते परकं वाटतं हे मलाही माहितीये. पण "आज वांग्याचं भरीत मस्त झालंय" हे तर म्हणता येतं ना, "तू बस, ताटं मी उचलतो" हे म्हणता येतं, आणि म्हणून झाल्यावर उचलता येतात. प्रार्थनेत तिचं नाव घ्या, मुलांसमोरच, कारण ती मुलांसमोर बोलली. पुनरुत्थानानंतर प्रभू येशू तिबिर्य समुद्राच्या काठावर शिष्यांना भेटला तेव्हा रात्रभर जाळं ओढून दमलेल्या त्या माणसांसाठी त्याने कोळशाचा विस्तव पेटवून मासे आणि भाकर तयार ठेवली होती, आणि म्हणाला, या, न्याहारी करा. योहान 21. मरणावर जय मिळवलेल्या प्रभूने न्याहारी करायला घेतली, मग रविवारी सकाळी चहा-पोहे तुम्ही करायला काहीच हरकत नाही. एकदा करून बघा, मग प्रार्थनेतले शब्दही आपोआप बदलतील.

ताई, नाव-गाव लिहू नका प्लीज. मी काही बोलले की सासरचे म्हणतात "देवाने एवढं चांगलं घर दिलं, उपकार मान, कुरकूर करू नको". नवरा रागात हातही उचलतो. नंतर म्हणतो क्षमा करणं ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे, कृपा दाखव. मी किती दिवस कृपा दाखवायची?

बाई गं, मारहाण सहन करणं म्हणजे कृपा नाही. हे मी पहिल्या ओळीत लिहितेय म्हणजे बाकीचं वाचायला वेळ मिळाला नाही तरी एवढं कळावं.

तुझ्यावर हात उचलणं गुन्हा आहे आणि देवापुढे पापसुद्धा. 2005चा घरगुती हिंसाचाराचा कायदा तुझ्यासाठीच आहे, त्यात मारहाणच नाही तर सततचा अपमान, पैशाची अडवणूक हेही येतं, आणि त्याच घरात राहण्याचा तुझा हक्कही येतो. 181 ही महिलांची हेल्पलाईन आहे, जीव धोक्यात वाटला तर 112. माहेरच्या किंवा मंडळीतल्या एका तरी विश्वासाच्या माणसाला आजच सांग, आणि ज्याला सांगशील त्याने तुला परत "जुळवून घे" म्हटलं तर दुसऱ्याला सांग. क्षमा ही मनात चालणारी गोष्ट आहे, तिला वेळ लागतो, ती मागून मिळत नाही आणि तिच्यासाठी मार खायला घरात थांबावं लागत नाही. ज्याला क्षमा हवीय त्याने आधी हात थांबवावा, पाळकांसमोर आणि गरज पडली तर पोलिसांसमोर खरं बोलावं.

आणि कुरकुरीचं म्हणशील तर स्तोत्रसंहिता उघड. 150 स्तोत्रांत कितीतरी स्तोत्रं निव्वळ तक्रारीची आहेत. तेरावं सुरूच होतं "हे परमेश्वरा, कुठवर" अशा प्रश्नाने. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आभाराची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. देवाला तुझी तक्रार चालते. ज्यांना चालत नाही त्यांनी त्याच्या नावाने तुझं तोंड बंद करू नये. मासिकाच्या नंबरवर परत मेसेज कर, तुझ्या जिल्ह्यातला मदतीचा पत्ता आम्ही शोधून देऊ.

मी वसईची, वय 68. आमच्या घरात रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, व्हायची, सगळे गुडघ्यावर. आता एकाचा क्लास, एकीची ऑनलाईन मीटिंग, नातू तर "थँक्यू जीझस फॉर एव्हरीथिंग आमेन" म्हणून पळतो. मला फार वाईट वाटतं.

आजी, वाईट वाटणारच, इतक्या वर्षांची संध्याकाळ आहे ती. पण सगळे जमत नाहीत म्हणून तुमची माळ थांबवू नका, तुम्ही हॉलमध्येच बसून म्हणा, दार लावून नको. जो जाता-येता बसेल त्याच्यासोबत दहाच मणी म्हणा आणि त्याला जाऊ द्या, पाचही दशकं पूर्ण व्हायलाच पाहिजेत हा आग्रह फक्त स्वतःपुरता ठेवा. रविवारी मिस्सावरून आल्यावर सगळे घरात असतातच, तेव्हा एकदा पूर्ण.

नातवाला "एव्हरीथिंग" म्हणू देऊ नका मात्र! हसत विचारा, की एव्हरीथिंग म्हणजे काय काय रे, एक सांग. तो म्हणेल फुटबॉल, म्हणेल मॅगी. चालेल. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी रात्री दिवसाची उजळणी करायला शिकवली त्यात पहिली पायरीच मिळालेल्या उपकारांबद्दल आभार मानायची आहे, चुका त्यानंतर. मुलांच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो, आधी चुका आणि आभाराची पाळी येईपर्यंत पोर झोपलेलं असतं.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, आता पिंपरीत फ्लॅटमध्ये. गावी हंगामाच्या सणाला ज्वारीची कणसं, कोंबडी, अंडी, भोपळे काय काय चर्चमध्ये आणायचे आणि उपासनेनंतर लिलाव व्हायचा. इथे आमच्याकडे शेत नाही, पाकिटात पैसे घालून देतो, पण मुलांना त्यातलं काहीच कळत नाही. काय करावं?

पैसे द्याच, चर्चला लाईट बिल असतं. पण मुलांच्या हातात काहीतरी द्या जे जड आहे आणि ज्याला वास आहे. आदल्या दिवशी त्यांना मंडईत न्या, त्यांनाच निवडू द्या, आणि जी भाजी आपण घरी खातो त्यातलीच चांगली जुडी, उरलेली नाही. गॅलरीत कुंडीत मेथी आली तर फारच छान, ती पंधरा-वीस दिवसांत कापायला येते, सणाची तारीख कळली की पेरा. लिलावात मुलाला स्वतःच्या खाऊच्या पैशातून बोली लावू द्या, दहा रुपयाचं लिंबू पन्नासला घेऊन आला तर रागावू नका.

बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली घेऊन येणाऱ्याने काय बोलायचं ते लिहिलंय, आमचे पूर्वज परक्या देशात गेले, तिथे आमचा छळ झाला, देवाने आमची हाक ऐकली, अशी सगळी गोष्ट. तर तुम्हीही टोपली भरताना मुलांना तुमची गोष्ट सांगा, आजोबा कुठल्या गावचे, दुष्काळात काय खाल्लं, पिंपरीत पहिली खोली कशी मिळाली, कुणी मदत केली त्याचं नाव. आणि त्याच उताऱ्यात पुढे आहे की लेवी, म्हणजे देवाच्या सेवेसाठी नेमलेले लोक, आणि तुमच्यात राहणारा परका यांच्यासह आनंद करा. तुमच्या बिल्डिंगचा वॉचमन बहुतेक बाहेरगावचाच असेल, कचरा न्यायला येणाऱ्या मावशी असतील, त्या रविवारचं जेवण त्यांना डब्यात भरून देऊ नका, वर बोलवा आणि सोबत बसवा. मुलांना वाढायला लावा.

पुढच्या अंकासाठी प्रश्न महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पाठवा, आजारी आई-वडिलांना सांभाळणाऱ्यांची पत्रं आधी घेणार आहोत.