व्ही-८ की हायब्रिड? आधी पॉलिसीचे कागद काढा

प्रश्न : माझे वय ४४. घरात कमावणारा मी एकटा. पत्नी आणि १३ वर्षांची मुलगी माझ्यावर अवलंबून आहेत. तीन वर्षे वापरलेली, व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) पेट्रोल इंजिनाची परफॉर्मन्स एसयूव्ही घ्यायची आहे. तिची किंमत माझ्या २० महिन्यांच्या निव्वळ उत्पन्नाइतकी आहे. साठलेले ४ महिन्यांचे उत्पन्न डाउन पेमेंटला देईन आणि उरलेल्या रकमेवर १० टक्क्यांनी पाच वर्षांचे कर्ज घेईन. त्यातले निम्मे मुद्दल शेवटी एकरकमी फेडायचे आहे. त्याच सुमारास माझी १५ वर्षांची पॉलिसी पूर्ण होते, त्यामुळे सगळे बसते. माझे फिरणे वर्षाला १२,००० किलोमीटर, बहुतेक शहरात. सध्याची गाडी १५ चा ॲव्हरेज देते. त्याच किमतीत प्लग-इन हायब्रिडही (पेट्रोल इंजिनासोबत बाहेरून चार्ज होणारी बॅटरी असलेली गाडी) मिळते आणि ती कागदावर लिटरला ५० किलोमीटर जाते. घरी चार्जिंगची सोय मात्र तूर्त नाही. इंधनाच्या दृष्टीने कोणती घ्यावी? टोकन दिले आहे, ते महिनाअखेरपर्यंत परत मिळू शकते. माझ्या हिशेबाचा तक्ता आणि पॉलिसीचे कागद सोबत जोडले आहेत.

उत्तर : इंधनाचा हिशेब लहान आहे, म्हणून तो आधी संपवतो. सव्वादोन टनांच्या पुढे वजन असलेली व्ही-८ गाडी शहराच्या थांबत-चालत रहदारीत लिटरला ६ किलोमीटर गेली तरी चांगली म्हणायची, कारण प्रत्येक सिग्नलला एवढे वजन वेगात आणण्यासाठी जाळलेले इंधन पुढच्या सिग्नलला ब्रेकच्या उष्णतेत निघून जाते. म्हणजे वर्षाला २,००० लिटर. आज तुम्हाला ८०० लिटर लागते आणि त्यावर उत्पन्नाचे ४ टक्के जातात. ते थेट १० टक्के होतील. हायब्रिडचा ५० चा आकडा बॅटरी नियमित चार्ज होते या गृहीतकावर उभा असतो. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरच्या गाड्यांची माहिती तपासली, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचा इंधनखर्च अधिकृत आकड्याच्या सुमारे साडेतीन पट निघाला. तुमच्याकडे तर चार्जिंगची सोयच नाही, त्यामुळे ती गाडी म्हणजे जड बॅटरी वाहून नेणारी पेट्रोल गाडी ठरेल. ती १० चा ॲव्हरेज देईल असे उदारपणे धरले तरी १,२०० लिटर, म्हणजे उत्पन्नाचे ६ टक्के. तेव्हा प्रश्नापुरते उत्तर हायब्रिड असे आहे. मात्र दोन्ही गाड्यांतला फरक वर्षाला अर्ध्या महिन्याच्या उत्पन्नाइतकाच आहे आणि तुमचा निर्णय त्यावर अवलंबून नाही.

या गाडीचा मोठा खर्च पेट्रोलपंपावर होतच नाही. आज २० महिन्यांच्या उत्पन्नाची असलेली गाडी पाच वर्षांनी, आठ वर्षांची झाल्यावर, ८ महिन्यांच्या उत्पन्नाइतक्या किमतीला विकली गेली तर घसारा (किमतीतली घट) वर्षाला जवळजवळ अडीच महिन्यांचा होतो, म्हणजे वरच्या फरकाच्या पाच पट. जुनी गाडी निम्म्या किमतीत मिळते, पण तिच्या ब्रेक डिस्क, २१-२२ इंची टायर आणि एअर सस्पेन्शनचे कॉम्प्रेसर निम्म्या किमतीत मिळत नाहीत. सुट्या भागांचे दर नव्या गाडीच्या हिशेबानेच लागतात. अशा अनेक गाड्यांचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असल्याने ते पुढे-मागे फिरवून त्यांचे आयुष्य वाढवण्याचीही सोय नसते. गाडीचा विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि एखादी मोठी दुरुस्ती यांसाठी मी उत्पन्नाचे आणखी १० टक्के धरतो. यात चैन काहीच धरलेली नाही.

आता महिन्याचे गणित उत्पन्नाच्या टक्क्यांत पाहा. गृहकर्ज २०, पॉलिसीचा हप्ता ८, घरखर्च ३५, गाडीचा हप्ता २४, इंधन १० आणि देखभाल १०. बेरीज १०७ होते. हायब्रिड घेतली तर १०३. तुमच्या तक्त्यात ती ९१ आली, कारण तुम्ही देखभाल धरलीच नाही आणि इंधन आजच्याच ४ टक्क्यांवर ठेवले. हप्ता २४ टक्क्यांवर दिसतो तोही निम्मे मुद्दल शेवटी ढकलल्यामुळे. ते मुद्दल कमी होत नाही, त्यावर पाचही वर्षे पूर्ण व्याज चालू राहते आणि विक्रेता याला ‘परवडणारा हप्ता’ म्हणतो. (जाता जाता : आजच्या खर्चाच्या हिशेबाने दरमहा ३० टक्क्यांच्या आसपास शिल्लक राहायला हवी, आणि साठले आहेत जेमतेम चार महिने. बाकीचे कुठे गेले, हे पत्रात नाही.)

मला सर्वांत जास्त खटकले ते ‘सगळे बसते’ हे वाक्य. तुमच्या तक्त्यानुसार पाच वर्षांनी पॉलिसीतून २९ महिन्यांचे उत्पन्न येणार आणि त्यातून गाडीचा शेवटचा हप्ता ८, गृहकर्जाची बाकी १० आणि मुलीचे शिक्षण १२ असे ३० भागणार. एका महिन्याची तूट तुम्ही किरकोळ समजून सोडून दिलीत. परंतु हे २९ महिने एजंटने दाखवलेल्या ८ टक्के परताव्याच्या तक्त्यातले आहेत. तुम्ही जोडलेल्या पॉलिसीच्या पहिल्याच पानावर हमीची रक्कम २० महिन्यांची आहे. बाकीच्याला ‘जाहीर झाल्यास’ असे शब्द लावलेले आहेत. वर्षाला साधारण एक महिन्याचे उत्पन्न पंधरा वर्षे भरून २० मिळत असतील तर परतावा साडेतीन टक्क्यांच्या आसपास बसतो. म्हणजे तूट एका महिन्याची नसून दहा महिन्यांची आहे, आणि गाडीचा हप्ता व गृहकर्ज थांबणार नसल्याने ती मुलीच्या शिक्षणाच्या वाट्याला येईल. गाडी विकून शेवटचा हप्ता भरू असे मनात असेल, तर आठ वर्षांच्या व्ही-८ गाडीला ८ ऐवजी ६ महिन्यांची किंमत आली की आणखी दोन महिने खिशातून घालावे लागतील.

याच कागदावर दुसरी गोष्ट आहे, जी तुम्ही विचारली नाहीत आणि एजंटने सांगितली नाही. पॉलिसीचे विमाछत्र १५ महिन्यांच्या उत्पन्नाचे आहे. आज गृहकर्ज १६ बाकी आहे आणि गाडी घेतली की आणखी १६ चढतील. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले तर विम्याच्या पैशांतून निम्मे कर्जही फिटणार नाही, आणि हाताशी असलेले चार महिने तर गाडीत गेलेले असतील. दहा वर्षे दरमहा ८ टक्के भरणाऱ्या माणसाला एवढेच छत्र विकले गेले, हे मला अजिबात पटत नाही. विमा आणि गुंतवणूक एकत्र बांधून विकली की दोन्ही अपुरी राहतात. विकणाऱ्याचे कमिशन तेवढे पुरेसे असते.

म्हणून पहिले काम गाडीचे नाही. किमान १२० महिन्यांच्या उत्पन्नाचा साधा टर्म इन्शुरन्स (गुंतवणूक नसलेला, फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा) घ्या. निवृत्तीपर्यंतच्या मुदतीसाठीही त्याचा हप्ता सध्याच्या पॉलिसीच्या हप्त्यापेक्षा बराच कमी असेल. अर्जात तब्येतीविषयी काहीही लपवू नका. जुनी पॉलिसी मोडण्याची घाईही करू नका, कारण तिचा बहुतेक खर्च तुम्ही आधीच भरून बसला आहात. कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू (आज पॉलिसी मोडल्यास मिळणारी रक्कम) आणि पेड-अप रक्कम (पुढचे हप्ते थांबवल्यास मुदतीअंती मिळणारी रक्कम) लेखी मागवा. सरेंडर व्हॅल्यू १० महिन्यांच्या आसपास निघाली, तर ते १० आणि पुढच्या पाच वर्षांचे हप्ते मिळून हमीचे २० होण्यासाठी वर्षाला सुमारे ७ टक्के पडतात. मागचा परतावा वाईट असला तरी इथून पुढचा बरा आहे, त्यामुळे त्या स्थितीत मी ती पूर्ण होऊ देईन. सरेंडर व्हॅल्यू १३ च्या पुढे निघाली तर निर्णय उलटा होईल, कारण तेव्हा इथून पुढचा परतावा अडीच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली जातो. पण तेव्हाही आधी नवा विमा हातात येऊ द्या आणि मगच जुना सोडा.

चार महिन्यांच्या शिल्लकीला हात लावू नका. घरात एकच कमावणारा असताना ती सहा महिन्यांवर न्यायला हवी. त्यानंतर उरणारी रक्कम वर्षभर प्रत्यक्ष बाजूला काढून दाखवा, म्हणजे गाडीला खरोखर किती पैसे मोकळे आहेत हे तुम्हालाही कळेल. माझा अंदाज असा की ती रक्कम व्ही-८ च्या जवळपास जाणार नाही, पण सध्याच्या गाडीपेक्षा एक पायरी वरची गाडी बिनदिक्कत घेता येईल.

टोकन परत मागण्याचा ई-मेल आजच पाठवा. फोनवर ‘चालेल, बघू’ असे सांगून महिनाअखेर उलटून जाऊ देणारे विक्रेते पुष्कळ आहेत, म्हणून पावतीचा क्रमांक आणि परतीची अट ई-मेलमध्ये लिहा आणि रक्कम खात्यात जमा होईपर्यंत दुसरी गाडी पाहायलाही त्यांच्याकडे जाऊ नका.