‘हात’ नको, ‘पहिली चार पाने’

प्रश्न असा आला आहे: “ओमाहा हाय-लो हा पोकरचा प्रकार मित्रांना समजावून सांगण्यासाठी मराठीत टिपण लिहितो आहे. ‘स्टार्टिंग हँड’ला ‘प्रारंभिक हात’ लिहिले, पण वाचताना खटकते. दुसरा शब्द आहे का?”

खटकणारच. पत्त्यांच्या मराठीत ‘हात’ ही जागा आधीच भरलेली आहे. चौघांनी एकेक पान टाकले, सर्वांत मोठे पान माझे निघाले, की तो ‘माझा हात’. ‘किती हात झाले?’, ‘ज्याचा हात त्याची उतारी’ ही वाक्ये ज्याने ऐकली आहेत, त्याला हात म्हणजे जिंकलेला ढीग दिसतो. आमच्या घरी आजी हे हात एक उभा, एक आडवा असे रचून ठेवायची, म्हणजे मोजताना घोटाळा नको. ‘माझा हात चांगला आहे’ असे आपण पत्त्यांबद्दल कधी म्हणत नाही. आपण म्हणतो, ‘पानं चांगली आलीत.’ पोकरच्या टेबलावर बोलताना ‘हँड’ म्हणायला काहीच हरकत नाही, तो शब्द रुळला आहे. पण त्याचा ‘हात’ करू नका.

आणि ‘प्रारंभिक’ची तर मुळीच गरज नाही. ‘पहिली चार पाने’ म्हणा. तीनशे चार खेळलेल्यांना हे शब्द ओळखीचे वाटतील. त्या खेळात प्रत्येकाला आठ पाने मिळतात, पण आधी चारच वाटतात, आणि त्या चारांवर बोली करायची असते. पुढे काय येईल ते ठाऊक नसताना चार पानांवर निर्णय घेणे, नेमके हेच ओमाहात करायचे आहे. फरक इतकाच, की तिथे उरलेली चार तुमच्याच हातात येतात आणि इथे पाच पाने सगळ्यांसाठी मध्ये उघडली जातात. त्यांतली तीन आणि आपल्या चारांतली दोन, बरोबर दोनच, घेऊन पाच पानांचा संच करायचा. पैशांचा अर्धा भाग मोठ्या संचाला, म्हणजे पोकरच्या नेहमीच्या क्रमाने वरचढ ठरणाऱ्याला, आणि अर्धा छोट्याला. छोटा संच म्हणजे अठ्ठी किंवा तिच्याखालची पाच वेगवेगळी पाने, त्यात एक्का सर्वांत लहान. मध्ये तशी किमान तीन पाने आली नाहीत, तर छोटा संच कुणाचाच होत नाही आणि सगळे पैसे मोठ्याकडे जातात.

या ‘दोनच’मुळे निवडीची भाषाही बदलते. चार पानांतून दोन-दोनांचे सहा मेळ निघतात. ‘जोडी’ म्हणू नका, जोडी म्हणजे दोन राजे किंवा दोन सत्त्या. ‘मेळ’ इथे चपखल बसतो: किती मेळ कामाचे आहेत ते बघायचे. इस्पिक एक्का, इस्पिक तिर्री, बदाम राजा, बदाम दुर्री घ्या. एक्का-दुर्री, एक्का-तिर्री, दुर्री-तिर्री हे तीन मेळ छोट्यासाठी, इस्पिकचा आणि बदामचा असे दोन कलरसाठी (पाचही पाने एकाच रंगाची), एक्का-राजा मोठ्यासाठी. एकही पान वाया नाही. याच पानांत तिर्रीच्या जागी चौकट नव्वी आली तर ती कुणाशीच जुळत नाही. अशा पानाला मी ‘उपरे पान’ म्हणेन. तीन पत्तीवरून आलेल्यांना सर्वांत जास्त झटका बसतो तो तीन एक्क्यांचा. तिथे त्याहून वर काही नाही, इथे तिसरा एक्का वापरताच येत नाही, शिवाय मध्ये येऊ शकणारा एक एक्का कमी होतो.

दुर्री-तिर्रीला इतका मान मिळणे आपल्या कानाला विचित्र वाटते. तीनशे चारमध्ये तर सत्तीखालची पाने खेळाआधीच काढून ठेवतात. पण उलटा क्रम आपल्याकडे नवा नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात 10 रंगांची 120 गोल पाने असतात, आणि निम्म्या रंगांत राजा-वजिरानंतर एक्क्याचा मान असतो, दहा सर्वांत खाली. तिथे क्रम रंगानुसार ठरतो. ओमाहात तोच एक्का एकाच डावात वरही चालतो आणि खालीही. म्हणून तुमच्या टिपणात पहिला प्रश्न ‘एक्का आहे का?’ हाच असू द्या. आणि सत्ती-अठ्ठी-नव्वी-दश्शी अशी मधली पाने दिसायला सलग असली तरी सोडावीत. त्यांचा सिक्वेन्स लागतो तेव्हा मध्ये पुष्कळदा तीन छोटी पाने असतात आणि निम्मे पैसे दुसराच नेतो.

तिर्री का हवी, हेही मराठीत सुटसुटीत सांगता येते. तुमच्याकडे एक्का-दुर्री आहे आणि मध्ये दुर्री, पंजी, अठ्ठी उघडली, तर तुमची ‘दुर्री मेली’. एक्का, दुर्री, पंजी, अठ्ठी, चारच वेगळी पाने झाली. हातात तिर्री असेल तर एक्का-तिर्रीने छोटा संच लगेच पूर्ण होतो.

छोट्यात दोघांची बरोबरी झाली की अर्ध्याचेही अर्धे होते. त्यासाठी भाकरीचा ‘चतकोर’ आयता हजर आहे. तिघांनी 300-300 रुपये घातले, 900 जमले. मोठ्याला 450 गेले. तुमच्याकडे एक्का-दुर्री, दुसऱ्याकडेही एक्का-दुर्री, दोघांना 225-225. सर्वांत चांगला छोटा संच असूनही तुम्ही 75 रुपये गमावलेत. ‘मी चतकोरावर आलो’ असे म्हटले की भाकरी मोडलेल्या कुणालाही ते कळेल. म्हणूनच नुसती एक्का-दुर्री, बाकी दोन पाने उपरी, अशा चारांवर पैसे लावताना थांबावे. दोन्हीकडचे पैसे नेण्याला ‘अख्खा डाव मारणे’ म्हणा.

राहिला ‘फोल्ड’. ‘पाने टाकली’ लिहू नका. पान टाकणे म्हणजे आपल्याकडे ते खेळणे. ‘डाव सोडला’ लिहा.