काठ्या टाकून हातांनी वाजवलेला ड्रम

प्रश्न : माझा मुलगा लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७० सालच्या लंडनच्या मैफलीचं चित्रण रोज मोठ्या आवाजात लावतो. मला तो निव्वळ गोंगाट वाटतो. या बँडच्या पहिल्या रेकॉर्डवर तेव्हा समीक्षकांनीही झोड उठवली होती म्हणे. मग खरं कोणाचं? (एक वाचक भगिनी, सांगली)

उत्तर : खरं मुलाचं. पण समीक्षकांना अगदीच मोडीत काढू नका.

मार्च १९६९ मध्ये अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन' या संगीतविषयक नियतकालिकात जॉन मेंडेलसन यांनी त्या रेकॉर्डवर लिहिलं. गिटारवादक जेफ बेकच्या बँडने हेच आधी केलंय आणि तितकंच किंवा जास्त चांगलं केलंय. लेड झेपेलिनचा जिमी पेज गिटार उत्तम वाजवतो, पण त्याच्या रचनांत दम नाही, असा त्यांचा सूर होता. उसनवारीबद्दलची तक्रार तर रास्तच आहे. दुसऱ्या रेकॉर्डवरच्या एका गाण्यासाठी ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीतातले गीतकार विली डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा लावला, तेव्हा कुठे त्यांना श्रेय मिळालं. याचा मला आजही राग येतो.

आता ती मैफल. ९ जानेवारी १९७०, रॉयल अल्बर्ट हॉल. पेजचा त्या दिवशी सव्विसावा वाढदिवस होता. 'डेझ्ड अँड कन्फ्युज्ड' हे गाणं चालू असताना तो व्हायोलिनचा गज हातात घेतो आणि गिटारच्या तारांवर फिरवतो. गायक रॉबर्ट प्लांट गळ्याने त्याला जवाब देतो. त्यानंतर जॉन बोनमचं ड्रमवादन नीट पाहा. मी अकरा वर्षं तबला शिकलो, म्हणून असेल, पण दर वेळी मी इथेच थांबतो. ऐन रंगात तो काठ्या बाजूला टाकतो आणि नुसत्या हातांनी वाजवायला लागतो. ड्रमवर पंजा पडल्याचा तो जाड, जवळचा नाद! मग काठ्या परत हातात येतात आणि मघाचाच आवाज दुप्पट वाटतो. पेज या जोरकस-हळुवारच्या खेळाला ऊन-सावली म्हणतो. सावली ऐकली नाही, तर उरलेलं सगळं गोंगाटच वाटणार.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने आहे. १९७२ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरात डीप पर्पल या बँडचा आवाज ११७ डेसिबल भरला आणि तीन श्रोते बेशुद्ध पडले. १९७६ मध्ये 'द हू' या बँडने ३२ मीटरवर १२६ डेसिबल गाठले. पुढे गिनेस बुकने सर्वांत मोठ्या आवाजाचा हा विक्रम नोंदवणंच बंद केलं, कारण चढाओढीत कान जायची भीती होती. कानाला ८५ डेसिबल आठ तास चालतात. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करत जा. शंभरला उरतात पंधरा मिनिटं. कॉलेजात असताना एका मैफलीत मी दोन तास स्पीकरला खेटून उभा होतो. तेव्हापासून माझ्या डाव्या कानात रात्री रातकिडा किरकिरतो, आणि त्यावर औषध नाही. मुलगा मैफलींना जात असेल, तर त्याच्या खिशात कानाचे बोळे असू द्या.

आणि एका रविवारी त्याच्या शेजारी बसा. एकमेकांचं बोलणं ऐकू येईल इतकाच आवाज ठेवा. सुरुवात गजापासून करा.