फ्रीजला हात लावताच झिणझिण्या का येतात?

प्रश्न : आमचे घर मालवणजवळ सड्यावर आहे. उन्हाळ्यात फ्रीजच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात. पावसाळ्यात तसे होत नाही. एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की आपोआप पडणारे स्विच) नवीन आहेत आणि ते कधीच पडत नाहीत. वायरमनने चप्पल घालून दार उघडण्यास सांगितले आहे. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : पुरेसे नाही. आपण आजच मागचे बटण बंद करून फ्रीजचा प्लग काढावा आणि तपासणी होईपर्यंत तो वापरू नये. ओल्या हाताने ओट्यापाशी काम करणारी व्यक्ती किंवा घरातील लहान मूल दर वेळी चप्पल घालेलच असे नाही, म्हणून हा सल्ला मला धोकादायक वाटतो.

आपल्याकडे बहुधा दोन दोष एकत्र आले आहेत. फ्रीजमधील एखाद्या वायरीचे किंवा कॉम्प्रेसरचे इन्सुलेशन कमकुवत झाल्यामुळे वीज पत्र्यावर येते, आणि ती जमिनीत नेणारी अर्थिंगची वाट नीट काम करत नाही. यांतील दुसरा दोष अधिक गंभीर आहे, कारण तो घरातील गीझर, वॉशिंग मशीन, पंप अशा प्रत्येक उपकरणाला लागू होतो. आपल्या सड्यावरील जांभ्या दगडातून पाणी लवकर झिरपून जाते. त्यामुळे शिमग्यानंतर अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीची जमीन कोरडी पडते आणि तिचा विरोध वाढतो. पाऊस सुरू होऊन जमीन ओली झाली की गळणारी वीज पुन्हा जमिनीत जाऊ लागते आणि झिणझिण्या थांबतात. मूळ दोष मात्र तसाच राहतो.

एमसीबी का पडत नाही, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, आपल्या अर्थिंगचा विरोध 40 ओहम आहे. फेजची, म्हणजे वीज आणणारी, वायर थेट फ्रीजच्या पत्र्याला टेकली, तरी 230 व्होल्टला त्यातून पावणेसहा अँपिअरच्या आसपासच प्रवाह जाईल. 16 अँपिअरच्या एमसीबीला हा प्रवाह नेहमीच्या वापरातलाच वाटतो, म्हणून तो पडत नाही, आणि पत्रा मात्र जिवंत राहतो. एमसीबी वायरिंगला अतिभार आणि शॉर्ट सर्किटपासून वाचवतो; माणसाला धक्क्यापासून वाचवण्यासाठी आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही, यावर तो लक्ष ठेवतो आणि 30 मिलिअँपिअर एवढा फरक पडण्याआधीच किंवा पडताच क्षणार्धात पुरवठा तोडतो. अर्थिंग थोडे कमजोर असले तरी तो काम करतो, म्हणून कोकणातील प्रत्येक घरात तो असावा, असे माझे ठाम मत आहे. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. मात्र एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही वायरींना हात लागला, तर तोही वाचवू शकत नाही.

अर्थिंगसाठी परवानाधारक वायरमनला बोलावून अर्थ टेस्टरने, आणि तेही उन्हाळ्यात, विरोध मोजून घ्यावा. कोळसा आणि मीठ घालून भरलेल्या जुन्या खड्ड्यात मिठामुळेच पाइप आणि क्लॅम्प गंजून तुटलेले असू शकतात, तेव्हा तो जोड उघडून पाहण्याचा आग्रह धरावा. आवारात माडाच्या आळ्याजवळ वर्षभर ओल राहत असेल, तर नवे अर्थिंग तिथे घेणे चांगले. सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल एकत्र जोडण्याची पळवाट कोणी सुचवली, तर ती कदापि स्वीकारू नये; न्यूट्रल कुठेही तुटला की सगळ्या उपकरणांचे पत्रे एकदम जिवंत होतात.

प्रश्न : देवगडमधील आमचे घर मे महिन्यानंतर गणपतीपर्यंत बंद असते. दर वर्षी परतल्यावर टीव्ही किंवा इन्व्हर्टर बिघडलेला सापडतो. वस्तू प्लास्टिकने झाकूनही उपयोग होत नाही.

उत्तर : प्लास्टिकमुळे ओल आतच कोंडते, त्याऐवजी जुने सुती कापड वापरावे. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ सर्किट बोर्डावर बसते, आणि हवेतील आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी शोषून विरघळते. या ओलसर थरातून वीज वाहू लागते आणि तांबेही हिरवे पडून झिजते. म्हणून परतल्यावर लगेच काही सुरू न करता दारे-खिडक्या उघडून घर दिवसभर कोरडे होऊ द्यावे, मगच एमसीबी एकेक करून चालू करावेत. फ्रीज रिकामा आणि कोरडा करून, दार किंचित उघडे ठेवूनच निघावे. इन्व्हर्टरची बॅटरी आधी पूर्ण चार्ज करावी, वायरी सोडाव्यात आणि शेजाऱ्यांना दीड-दोन महिन्यांनी ती चार्ज करण्याची विनंती करावी. तिच्यात केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे, विहिरीचे पाणी नव्हे. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती देवघरातील समईजवळ कधीही ठेवू नये.

प्रश्न : गुहागर येथे वीज पडली तेव्हा टीव्हीचे बटण बंद होते, तरीही सेट टॉप बॉक्स जळाला. असे कसे झाले?

उत्तर : बंद बटणाच्या आत जेमतेम काही मिलिमीटरचे अंतर असते, आणि विजेच्या लोळामुळे उठणारा दाब ते सहज ओलांडतो. शिवाय छतावरील डिशची केबल हा वेगळाच मार्ग असतो. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस आणि परतीच्या पावसात ढग दाटू लागताच प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवावेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘दामिनी’ या मोबाइल ॲपवर आपल्या परिसरातील विजांची पूर्वसूचना मिळते, तिचा उपयोग करावा. डोक्यावर कडाडू लागल्यानंतर मात्र प्लग काढायला जाऊ नये. तेव्हा उपकरण जळाले तरी चालेल, परंतु वायर हाताळू नये.