वॉरंट नव्हतं म्हणून केस उडत नाही, पंचनामा बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. राजारामपुरीत भाऊ भाड्याच्या खोलीवर राहतो, रात्री साडेदहाला पोलीस आले, वॉरंट दाखवलं नाही, कपाट उपसलं, मोबाईल घेऊन गेले आणि आता भावाचा मित्र म्हणतोय की वॉरंट नव्हतं म्हणजे सगळं बेकायदा, हायकोर्टात एका तारखेत उडेल. मी इथं कोल्हापूरच्या कोर्टात फौजदारी कामं बघतो म्हणून आधीच स्पष्ट सांगतो, त्या भरवशावर बसू नका.

ही समजूत अमेरिकेच्या सिरीयल बघून आलीय. तिकडं झडतीवर बंधन घालणारी चौथी घटनादुरुस्ती आहे आणि 1961 च्या मॅप खटल्यापासून बेकायदा झडतीतला पुरावा सहसा बाद होतो. आपल्या घटनेत तसं कलमच नाही, 1954 च्या एम. पी. शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या आठ न्यायाधीशांनी हेच कारण दिलं होतं. 24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, कलम 21 मध्येच आहे असं एकमतानं सांगितलं, माझ्या मते आपल्या पिढीला मिळालेला हा सगळ्यात मोठा निकाल. पण सुप्रीम कोर्टाचाच डिसेंबर 1973 चा पूरनमल निकाल अजून उभाच आहे. त्यात म्हटलंय की झडती बेकायदा असली तरी सापडलेली वस्तू केसशी संबंधित असेल तर कोर्ट ती बघू शकतं. म्हणजे हक्क मिळाला पण तो मोडणाऱ्याला किंमत मोजावी लागेल असं काही मिळालं नाही, आणि हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

मग लढायचं कुठं, तर कागदावर. फौजदारी कामकाजाचा नवीन कायदा, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (बीएनएसएस), 1 जुलै 2024 पासून लागू आहे. त्याच्या कलम 185 खाली तपासी अंमलदाराला वॉरंटशिवाय झडती घेता येते, पण झडतीआधी कारण केस डायरीत लिहावं लागतं, काय शोधतोय तेही लिहावं लागतं, आणि त्याची नक्कल 48 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडं जायला पाहिजे. ती नक्कल घरात राहणाऱ्याला अर्ज केल्यावर फुकट मिळते. हा अर्ज लई कमी लोक करतात, तुम्ही पहिला तोच करा. कलम 105 प्रमाणं झडतीचं व्हिडिओ शूटिंगपण सक्तीचं झालंय, ते केलं का, मॅजिस्ट्रेटकडं पाठवलं का, हेही लेखी विचारा. गल्लीत कुणाच्या दुकानाचा सीसीटीव्ही असेल तर आजच्या आज फुटेज काढून ठेवायला सांगा, डीव्हीआरवर जुनं पुसलं जातं.

आता पंचनामा. कलम 103 प्रमाणं दोन पंच त्याच भागातले, स्वतंत्र आणि प्रतिष्ठित हवेत, आणि घरात असलेल्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहू द्यावंच लागतं. भावाला विचारा, पंच शेजारचे होते का पोलिसांच्या गाडीतूनच उतरले? सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ लिहिलीय का? मोबाईलचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख नंबर, घातलाय का नुसतं "काळ्या रंगाचा मोबाईल" लिहून सोडलंय? फोन त्याच्यासमोर पाकिटात घालून लाखेचं सील करून पंचांच्या सहीचं लेबल लावलं का? शेवटची ओळ आणि सह्या यांच्यामध्ये चार बोटं जागा कोरी ठेवलेली असेल तर तिथं नंतर काहीही भरता येतं, सही करताना तिथं आडवी रेघ मारायची असते. जप्त मालाच्या यादीची प्रत मिळणं हा हक्क आहे. यातल्या एका चुकीनं केस उडणार नाही, पण उलटतपासाला पंच पिंजऱ्यात आला की अशा चार गोष्टी एकत्र येऊन जप्तीवरचा कोर्टाचा विश्वास डळमळतो आणि संशयाचा फायदा मिळतो तो तिथंच.

पोलिसांना फोनचा पासवर्ड द्यावाच लागतो का, असंही विचारलंय तुम्ही. घटनेच्या कलम 20(3) प्रमाणं आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, पण फोनचा पासवर्ड त्यात येतो का यावर कोर्टांची मतं एक नाहीत, कर्नाटक हायकोर्टानं 2021 मध्ये पोलिसांच्या बाजूनं मत दिलंय. त्यामुळं भावानं चौकीत दमदाटीला घाबरून पासवर्ड सांगू नये, लेखी नोटीस मागावी आणि वकिलाला विचारूनच उत्तर द्यावं. फोन परत हवा असेल तर मॅजिस्ट्रेटकडं सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर, मागायचा अर्ज करता येतो.

एक फरक लक्षात ठेवा. अंमली पदार्थाचा गुन्हा असेल तर कायदा जास्त कडक आहे. एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम 50 प्रमाणं अंगझडतीआधी "राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती हवी का" हे सांगावंच लागतं, नाही सांगितलं तर अंगावर सापडलेल्या मालाच्या जोरावर शिक्षा टिकत नाही. पण हे अंगझडतीपुरतं, बॅग किंवा कपाटाला लागू नाही.

हायकोर्टात रिट अर्ज करायची वेळ आली तरी आता मुंबई गाठायला नको, 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय. पण आधी वरचे अर्ज. प्रत्येक अर्जाची शिक्का आणि तारखेसह पोहोच घ्या, आणि गुन्ह्याची कलमं कळली की सांगा, त्यावर पुढचं बघू.