रात्री तीनचा ऑक्सिमीटर

(जून २०२१)

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही डोंबिवलीत राहतो, मी, मिस्टर, सासूबाई आणि आठवीतला मुलगा. एप्रिलमध्ये मिस्टरांना कोविड झाला, माइल्ड होता, घरीच १४ दिवस बेडरूममध्ये होते. आता सगळे ठणठणीत आहेत पण माझंच काहीतरी बिघडलंय. दिवसातून पंधरा-वीस वेळा सगळ्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावते, रात्री तीनला उठून झोपलेल्या मुलालाही लावते. परवा सासूबाईंचं ९१ आलं, माझे हातपायच गळाले, परत लावलं तर ९७, म्हणजे नीट बसलाच नव्हता. सोसायटीच्या ग्रुपवर रोज कुणाला तरी भावपूर्ण श्रद्धांजली. मिस्टर म्हणतात तू वेडी झालीयेस. खरंच तसं असेल का?

उत्तर: नाही हो, वेड वगैरे काही नाही, आणि हे वाक्य मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवा. दर चार तासांनी ताप आणि ऑक्सिजन मोजून तक्त्यात लिहायचा, हे काम चौदा दिवस कुणी केलं? तुम्हीच ना? आजारपण संपलं, पण तुमच्या मनाला ड्युटी संपली असं कुणी सांगितलंच नाही, ते बिचारं अजून नाइट शिफ्ट करतंय.

आता गंमत बघा, आकडा ९८ दिसला की बरं वाटतं, पण किती वेळ? दहा मिनिटं. मग परत शंका, परत मशीन. खाजेसारखंच आहे हे, खाजवलं की क्षणभर सुख आणि नंतर जास्तच. त्यात ते यंत्रही लहरी, हात गार असले, नखांना नेलपॉलिश किंवा मेंदी असली, बोट हललं की काहीही दाखवतं. पाच मिनिटं शांत बसून, हात गरम करून लावायचं असतं. झोपलेल्या पोराला अंधारात चाचपडत लावलेल्या आकड्याला काय अर्थ आहे सांगा.

एकदम बंद करा म्हणणार नाही, जमणार नाही तुम्हाला. या आठवड्यात सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, पुढच्या आठवड्यात फक्त सकाळी, मग सोडून द्यायचं. कुणाला ताप, खोकला, धाप असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा जरूर मोजा आणि नीट मोजूनही ९४च्या खाली आलं तर लगेच डॉक्टरांना फोन. रात्री मात्र मशीनमधले सेल काढून सासूबाईंच्या बटव्यात ठेवायला द्या. हसू नका, माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी हेच केलं होतं, तिसऱ्या रात्री त्या सेल मागायला गेल्या तर सासूबाई म्हणाल्या, आधी बस, दूध पी.

तीनला जाग येईल, छाती धडधडेल, वाटेल आत्ता बघितलं नाही तर काहीतरी होईल. तेव्हा फोन हातात घ्यायचा नाही. गार लादीवर पाय टेकवून बसा, चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. भीती आधी चढते आणि मग आपोआप उतरते, साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. रोज मशीन लावून तुम्ही तिला उतरूच देत नव्हता. दोन-चार रात्री जड जातील, नंतर हलकं वाटायला लागेल.

सोसायटीचा ग्रुप म्यूट करा, कामाचं काही असेल तर कळवायला एका मैत्रिणीला सांगून ठेवा. (मी काही फार शहाणी नाही, गेल्या वर्षी मीही कोथिंबिरीची एकेक काडी धुवत बसायचे.)

दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, झोप-जेवण उडालं किंवा नको हे जगणं असं एकदाही वाटलं तर थांबू नका, सायकियाट्रिस्टकडे जा. केंद्र सरकारची हेल्पलाइन आहे (आता टेली-मानस, १४४१६), फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न: मी बंगळुरूला नोकरीला आहे. मे महिन्यात कोल्हापूरला बाबा कोविडने गेले, मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, चेहराही दिसला नाही. मला रडूच येत नाही, मीटिंगा करतोय, जेवतोय. मी दगड झालोय का?

उत्तर: दगड झाला असता तर हे पत्र लिहिलं नसतं तुम्ही. खांदा देणं, पाणी पाजणं, दहाव्याला भावकीने जमणं, हे सगळं मनाला पटवून देण्यासाठी असतं की माणूस खरंच गेला. तुमच्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नाही, मग मनाला कसं पटणार? उशिरा का होईना, घरचे सगळे एखाद्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बसा, प्रत्येकाने बाबांची एक गोष्ट सांगायची, भांडणाची असली तरी चालेल. आईला त्यांच्या आवडीचं काहीतरी करायला सांगा, तेच तुम्हीही तिकडे करा. रडू आलं तर आलं, नाही आलं तरी स्वतःला बोल लावू नका, कुणाला सहा महिन्यांनी बाजारात हापूसची पेटी बघून येतं.

आणि बाबांचा मोबाइल नंबर बंद करायची घाई करू नका, एवढ्यात काही अडलेलं नाही.